दहा दिवस पाणी

सकाळी साडेआठला ती घाईघाईने दार ओढून बाहेर पडली आणि पहिल्याच पावलाला थबकली. फाटकापासून दारापर्यंत येणाऱ्या त्यांच्या काँक्रीटच्या वाटेवर एक अनोळखी माणूस चक्क गुडघे टेकून बसला होता. हातातल्या छोट्या हातोडीने तो जमिनीवर टकटक करत होता आणि मान वाकडी करून, कान खाली लावून काहीतरी ऐकत होता.

"अहो... काय चाललंय इथे?"

त्याने वर न बघताच हात केला. "एक मिनिट. बोलू नका."

आपल्याच दारात आपल्यालाच गप्प बसवणारा हा कोण टिकोजीराव! एरवी तिने त्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं. पण का कोण जाणे, ती गप्प उभी राहिली. टक... टक... टक... आणि मग एकदम निराळाच आवाज आला. डब्याच्या झाकणावर बोट आपटावं तसा.

"सापडलं!" तो म्हणाला आणि वर बघून हसला. कपाळावर धूळ, भुवईवर धूळ, आणि डोळे मात्र लख्ख.

"काय सापडलं?"

"पोकळी. वरून धडधाकट दिसतंय, पण आतून सुटलंय. हे बघा... नाही, बघून नाही कळायचं. ऐका."

आणि ती, दुकानाची वेळ टळत असताना, खांद्यावर पर्स तशीच ठेवून त्याच्या शेजारी उकिडवी बसली. दोघांची डोकी एकमेकांजवळ आली. त्याच्या बाहीला साबणाचा आणि सिमेंटचा असा एकत्र वास येत होता. "हा भरीव," तो हळूच म्हणाला. टक. "आणि हा... पोकळ." त्याने असं म्हटल्यावर तिला खरंच तो फरक ऐकू आला. इतकी वर्षं ती या वाटेवरून चालत होती आणि कधी कान दिला नव्हता.

मग तिला भान आलं. "पण तुम्हाला बोलावलं कोणी?"

"तुम्हीच ना? मागची गच्ची ओल धरते म्हणून..."

"आम्हाला गच्चीच नाहीये."

त्याने मान वर करून त्यांच्या उतरत्या छपराकडे पाहिलं. मग खिशातल्या चिठ्ठीकडे. मग शेजारच्या घराच्या पाटीकडे. त्याचे कान हळूहळू लाल होत गेले.

"पत्ता चुकला," तो उठत म्हणाला. गुडघे झटकले, फाटकापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "पण पोकळी काही खोटी नाही हां!"

ती हसली. अगदी खळखळून, उघड्यावर, भर सकाळी. खिडकीत बसलेल्या आईने ते हसू ऐकलं आणि हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. कारण गेलं वर्षभर या घरात असं कोणी हसलं नव्हतं.

वाट दुरुस्त करायची होती हे मात्र खरं. मागच्या वर्षी एका कंत्राटदाराने वरवर सिमेंटचा हात फिरवून दिला होता. गुळगुळीत, चकचकीत, बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं असा. चार महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटायला लागले आणि त्यातल्याच एका पापुद्र्यावरून आई घसरली. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हातात काठी आली, आणि फाटकापर्यंत जायचं म्हटलं तरी आई दारातूनच परत फिरायला लागली. सबंध जग खिडकीतून बघायची वेळ आली, असं आई म्हणायची. म्हणायची हसतच, पण लेकीच्या काळजाला ते लागायचं.

म्हणून त्याच संध्याकाळी शेजारची गच्ची बघून झाल्यावर आईने त्या टकटकवाल्याला खिडकीतूनच हाक मारली.

"सगळं फोडून नवीन करा," आई म्हणाली.

त्याने सबंध वाट हातोडीने ऐकली. खडूने सात गोल काढले. मग म्हणाला, "काकू, सगळं कशाला फोडायचं? भिंतीकडची बाजू ठणठणीत आहे. या सात जागा फोडू, धुऊन भरून घेऊ आणि मग वर एक पातळ थर देऊ. मागच्याने खाली धुतलंच नव्हतं. धुळीवर थर बसतो का कुठे?"

तो गेल्यावर आई म्हणाली, "स्वतःचंच काम कमी करून सांगणारा कंत्राटदार मी जन्मात पाहिला नव्हता. याच टकटकला काम द्यायचं!" आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव टकटक पडलं ते पडलंच.

ती खिडकीतून ते खडूचे गोल बघत होती. पण तिच्याही मनात तेच आलं होतं. खरं बोलणारा माणूस. आणि तिच्या लेखी याहून मोठी गोष्ट दुसरी नव्हती.

त्याचं असं झालं होतं. ती औषधांच्या दुकानात काम करायची, आणि बारीक अक्षर वाचायची सवय तिच्या हाडीमाशी खिळली होती. मागच्या वर्षी तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा गोड, बोलका, सगळ्यांना आवडलेला. पण तो खोटं बोलायचा. फार मोठं नाही हो... अगदी चिमूटभर. अंथरुणातून फोन करून "निघालोच, वाटेतच आहे" म्हणायचा. न वाचलेलं पुस्तक "वाचलं, काय सुंदर आहे!" म्हणायचा. एकदा, दोनदा, विसाव्यांदा... आणि एक दिवस त्याने "तू मला फार आवडतेस" म्हटलं, तेव्हा तिला कळेचना की हे कुठल्या खात्यात घालायचं. तिने लग्न मोडलं. "एवढ्याशा गोष्टीवरून?" असं सगळे नातेवाईक म्हणाले. तिने मात्र कानाला खडा लावला. गोड असो, कडू असो, खोटं बोलणाऱ्या माणसाला आपल्या आयुष्यात जागा नाही.

कामाच्या दिवशी तिने अर्धी रजा काढली. आईसाठी म्हणून. तो दोन गवंड्यांना घेऊन आला होता. सात जागा छिन्नीने फोडून झाल्या, पाण्याने स्वच्छ धुऊन झाल्या आणि दुपारी पोत्यातला सिमेंटचा तयार मसाला कालवून भरला गेला. वरचा थर मात्र त्याने स्वतः दिला. थापी अशी फिरायची की आवाज म्हणून नाही. शेवटी त्याने लांब दांड्याचा झाडू घेतला आणि त्या ओल्या, गुळगुळीत थरावरून अलगद ओढला. बारीक, सरळ रेघा उमटत गेल्या.

"अहो! एवढं छान झालं होतं, ओरखडे कशाला?" ती चहाचा कप घेऊन उभी होती.

"चकचकीत दिसतं छान, पण घसरवतं," तो म्हणाला. "काकूंच्या पायाला धरायला काहीतरी हवं ना."

कप देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. थंडगार, ओली, खरखरीत. तिने हात मागे घेतला... पण जरा उशिराच.

"आता दहा दिवस पाणी," तो चहा घेत म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ. सिमेंटला ओल मिळाली नाही तर ते तहानलेलंच राहतं, मग भुरभुरतं. चालायला परवापासून हरकत नाही, पण पाणी मात्र दहा दिवस."

"बरं. मी मारते की पाणी."

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की गवंडीसुद्धा वळले. "म्हणजे... त्याला हात लागतो."

"पाणी मारायला?"

"फवारा बारीक पडायला हवा. जोरात पडला तर थर उडतो. मीच येत जाईन. माझ्या वाटेवरच आहे."

त्याचे कान लाल झाले होते. तिला वाटलं, उन्हाने.

आणि मग ते दिवस सुरू झाले.

सकाळी साडेसातला फाटक वाजायचं. नळी सरसरत वाटेवर यायची. ती केस पुसत खिडकीत यायची आणि उगाचच कुंडीतली वाळलेली पानं खुडत राहायची. कुंडीत पानंच उरेनाशी झाली, तरी खुडत राहायची. संध्याकाळी सहाला तो पुन्हा यायचा, आणि तोवर तीही घरी पोचलेली असायची. दुकानाचे मालक तिला अर्धा तास आधी सोडायला लागले होते. आईकडून गुडघ्याचे व्यायाम करून घ्यावे लागतात, असं तिने त्यांना सांगितलं होतं. आई आपले व्यायाम दुपारी चारलाच मोजून उरकायची, ही गोष्ट वेगळी.

उतरत्या उन्हात पाण्याचा फवारा वाटेवर पडायचा. फिकट वाट बघता बघता गडद व्हायची, तिच्यातून एक ओला, थंड वास यायचा आणि तो वास घरभर हिंडायचा. ती पायरीवर बसायची. तो नळीवर अंगठा धरून पाणी पसरवत राहायचा. वेळ कुठे जायचा कळायचंच नाही. दुकानात खोकल्याचं औषध मोजताना तिला मध्येच तो फवाऱ्याचा आवाज ऐकू यायचा आणि समोरचं गिऱ्हाईक "ताई... अहो ताई" म्हणत ताटकळायचं.

तिसऱ्या दिवशी आई काठी टेकत वाटेवर उतरली. एक पाऊल, दुसरं, तिसरं... झाडूच्या रेघांनी पाय धरून ठेवला. फाटकाला हात लावून आई वळली, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. तो नळी बाजूला धरून नुसता बघत होता. त्या क्षणी लेकीला तो इतका आवडला, इतका आवडला, की तिने मान खाली घातली.

"तुम्हाला भेगा बघून भीती नाही वाटत?" चौथ्या दिवशी तिने विचारलं. "म्हणजे एवढी घरं तडकलेली बघता."

"भेगेला काय भ्यायचं? ती सरळ समोर दिसते. पोकळीची भीती वाटते. वरून सगळं छान, आणि आत हवा."

"माझंही तसंच झालं होतं," ती म्हणाली. आणि ध्यानीमनी नसताना तिने त्याला सगळं सांगून टाकलं. ते मोडलेलं लग्न, ते चिमूटभर खोटं, तो कानाला लावलेला खडा. "तेव्हापासून ठरवलंय. लहान असो, मोठं असो... खोटं मला चालत नाही. एकदा कळलं की संपलं."

नळीतलं पाणी एकाच जागी पडत राहिलं आणि तिथे मोठं डबकं झालं.

"अहो, बारीक फवारा ना?" ती हसून म्हणाली.

"हं? हो... हो." त्या दिवशी तो दहा मिनिटं आधीच गेला.

पाचव्या दिवशी सकाळी तो पाणी मारून गेल्यावर तिने कुंड्या सरकवल्या. खाली मसाल्याचं रिकामं पोतं अंथरलेलं होतं, आईने कुंड्यांची माती सांडू नये म्हणून घातलेलं. पोत्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षर होतं. बारीक अक्षर दिसल्यावर ती न वाचता पुढे जाणं शक्यच नव्हतं. मिसळण्याची पद्धत, थराची जाडी, आणि सर्वात शेवटी एक ओळ... पहिले दोन दिवस ओले ठेवावे. त्यानंतर पाणी मारण्याची आवश्यकता नाही.

तिने ती ओळ तीनदा वाचली.

दोन दिवस. आणि हा म्हणाला होता दहा.

आधी वाटलं, त्याला माहीत नसेल. पण ज्याला जमिनीच्या पोटातलं ऐकू येतं, त्याला हे माहीत नसेल? मग तो "नको!" आठवला. ते लाल कान आठवले. काल साचलेलं डबकं आठवलं. तो कशासाठी येत होता हे तिला कळलं, आणि छातीत काहीतरी आनंदाने उसळलं. पण लगेच पुढचंही कळलं आणि ते उसळलेलं जागच्या जागी विझलं. गोड होतं, पण खोटंच होतं. पुन्हा तेच. पुन्हा तेच चिमूटभर.

"पाणी मारल्याने कुणाचं काही बिघडलं का?" आईने विचारलं. पोतं बघून आई हसतच होती.

"प्रश्न पाण्याचा नाहीये, आई."

"मग सरळ विचार त्याला."

"नाही. विचारल्यावर सगळेच खरं बोलतात." ती पोतं गुंडाळू लागली. "त्याने आपण होऊन सांगायला हवं. दहा दिवस संपायच्या आत. सांगितलं तर... तर बघू. नाही सांगितलं तर पाणी संपलं, विषय संपला."

"आणि तू रडत बसणार."

"बसेन," ती म्हणाली.

मग ती वाट बघत राहिली. सहाव्या दिवशी तिने आडून विचारलं, "अजून किती दिवस लागेल पाणी?" तो म्हणाला, "चार..." आणि नळीच्या जोडाची पट्टी घट्ट करायला खाली वाकला. सातव्या दिवशी म्हणाली, "दर कामाला दहा दिवस जाता का तुम्ही?" तो म्हणाला, "नाही... म्हणजे काम बघून." आठव्या दिवशी ती बाहेरच आली नाही. खिडकीच्या पडद्याआडून तिने पाहिलं, तर तो कोरड्या वाटेवर नळी धरून दाराकडेच बघत होता. नळ सोडायचाही विसरला होता. तिला हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले.

नवव्या दिवशी साडेपाचला ती दुकानातून निघाली, तेव्हा मालक आपुलकीने म्हणाले, "आईचा गुडघा कसा आहे गं? तू घेतेस ना रोज व्यायाम करून?"

"हो काका, रोज," ती म्हणाली.

आणि दाराबाहेर पाऊल टाकताच ती जागीच खिळली. किती सहज निघालं होतं ते तोंडातून! नऊ दिवस ती त्या भल्या माणसाशी खोटं बोलत होती. तेही चिमूटभरच. तेही... अगदी त्याच कारणासाठी. ती पायऱ्यांवर उभी राहिली आणि तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मागे वळून तिने मालकांना सरळ सांगून टाकलं, "काका, व्यायाम आई एकटीच करते. मी दुसऱ्याच कारणाने लवकर जाते. यापुढे पूर्ण वेळ थांबेन."

मालकांनी चष्म्यावरून बघितलं. "ते कारण लग्नाला बोलवेल ना आम्हाला?" एवढंच म्हणाले.

त्यात उशीर झाला. ती घरी पोचली तेव्हा वाट ओली होती आणि फाटक बंद होतं. तो येऊन गेला होता.

दहाव्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. टपटप, टपटप, मग धो धो. सुट्टीचा दिवस होता. साडेसात वाजले, आठ वाजले. वाट आपली आपणच भिजत होती. आता कोणाला कशाला यावं लागतंय? पोत्यावरच्या ओळीप्रमाणे यायला कारण उरलं नव्हतं आणि पावसाने उरलंसुरलं निमित्तही धुऊन नेलं होतं. संध्याकाळ होत आली तसा तिचा धीर सुटत चालला. त्याने सांगितलं नव्हतं. आणि आता तो येणारही नव्हता. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सहा वाजता फाटक वाजलं.

ती खिडकीशी धावली. तो आला होता. ना रेनकोट, ना छत्री. नखशिखांत भिजलेला. त्याने नळी उचलली, नळ सोडला आणि त्या मुसळधार पावसात, अगदी मन लावून, बारीक फवाऱ्याने तो वाटेवर पाणी मारू लागला.

ती छत्री उघडून बाहेर पळाली. चप्पल घालायचीही शुद्ध नव्हती.

"काय करताय हे?"

"पाणी... मारतोय."

"पावसात?"

"दहावा दिवस आहे ना," तो म्हणाला. मग त्याने नळी खाली टाकली. पाणी दोघांच्या पायांवरून वाहत राहिलं.

"मला काहीतरी सांगायचंय," दोघं एकदमच म्हणाले.

"आधी मी," तो म्हणाला. "नाहीतर परत धीर नाही व्हायचा. दोनच दिवस लागतं पाणी. दोनच. बाकीचे आठ दिवस मी... मी खोटं सांगितलं. तुम्ही त्या दिवशी सगळं सांगितलंत, तेव्हाच सांगणार होतो. पण म्हटलं, सांगितलं तर संपलं. रोज ठरवून यायचो आणि रोज न सांगता जायचो. आज पाऊस लागला, म्हटलं बरं झालं, जाऊच नये. मग वाटलं, न सांगता गेलो तर आयुष्यभर माझ्याच मनाला खात राहील. धंद्यात मी कधी कोणाला फसवलं नाही हो. पण तुम्ही त्या सकाळी पर्ससकट जमिनीवर बसलात ना... तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही मला आवडता. एवढं एकच कारण होतं. आता जा म्हणालात तर जातो."

पाऊस छत्रीवर ताडताड वाजत होता.

"मला माहीत होतं," ती शेवटी म्हणाली. "पाचव्या दिवसापासून."

तो बघतच राहिला. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"तर ही छत्री घेऊन परत गेले असते." ती हसली, आणि हसता हसता गालावरून पाणी ओघळलं. पावसाचं की कसलं, ते तिने पुसलंही नाही. "पण माझंही ऐका. मीसुद्धा नऊ दिवस मालकांना थाप मारून लवकर घरी येत होते. तुमच्यासाठी. काल कबूल करून आले. तेव्हा तुम्हाला बोल लावायला माझं तोंडच उरलं नाही."

तो आधी चकित झाला, मग हसायला लागला. ती छत्री त्याच्याही डोक्यावर धरण्यासाठी एक पाऊल पुढे आली. एकदम जवळ. त्याच्या पापण्यांवर थेंब अडकले होते आणि कान पुन्हा लालबुंद झाले होते.

"एकच अट आहे," ती हळूच म्हणाली. "यापुढे मला दुखेल असं असलं, तरी खरंच सांगायचं."

"कबूल." त्याने खोल श्वास घेतला. "मग आत्ताच एक सांगतो... मला भयंकर थंडी वाजतेय."

खिडकीतून आईचा आवाज आला, "अरे टकटक, आत ये आता! आणि कोणीतरी तो नळ बंद करा!"

जाताना तो फाटकाशी घुटमळला. "उद्या... उद्या काय सांगून येऊ?"

"काही सांगू नका," ती म्हणाली. "नुसते या."

दुसऱ्या दिवशी ती साडेसहाला, पूर्ण वेळ भरून घरी आली, तेव्हा तो पायरीवर बसला होता. हातोडी नाही, नळी नाही, खडू नाही. तिला बघून उठला, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्याला कळेना. मग त्यातला एक हात तिने आपल्या हातात घेतला.